ईआरव्हीची साफसफाई आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, म्हणजे ऊब आणि बाष्प वाचवत घरातली हवा बदलणारं यंत्र) सहसा एका झटक्यात बंद पडत नाही. फिल्टर धुळीने भरला तरी पंखा फिरत राहतो आणि पॅनेलवरचा दिवा नेहमीसारखाच दिसतो. घरात येणारी ताजी हवा मात्र महिन्यागणिक कमी होत जाते. त्यामुळे ‘बिघडलं की बघू’ हा हिशेब या यंत्राला लागू पडत नाही. ते चालू असताना, सगळं ठीक वाटत असतानाच त्याच्याकडे बघावं लागतं. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. कोअर (यंत्रातला पातळ पडद्यांचा ठोकळा) आणि पाणी यांबाबत तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलेलं असेल, तर पुस्तिकेचंच ऐका.

१. ईआरव्ही नेमकं करतं काय, आणि त्यात साफ करण्यासारखं असतं तरी काय?

घरातली वापरलेली हवा बाहेर टाकणं आणि बाहेरची ताजी हवा आत आणणं ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करतं. या दोन्ही हवा कोअरमधल्या पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण उष्णता आणि बाष्प पडद्यातून इकडून तिकडे जातं. थंडीत बाहेर चाललेली ऊब आत येणाऱ्या हवेला मिळते. उन्हाळ्यात एसीने गार झालेली हवा बाहेर जाता जाता आत येणारी हवा थोडी गार आणि थोडी कोरडी करते.

साफ करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: दोन फिल्टर, कोअर, दोन पंखे, यंत्राच्या पेटीचा तळ, निचऱ्याची नळी (असेल तर), बाहेरच्या भिंतीवरच्या दोन जाळ्या आणि खोल्यांमधले व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर जाण्याची गोल तोंडं). बहुतेक तक्रारींचं मूळ फिल्टर आणि बाहेरची जाळी या दोनच ठिकाणी सापडतं.

२. माझं यंत्र ईआरव्ही आहे की एचआरव्ही, हे कसं ओळखू? निगा वेगळी असते का?

एचआरव्हीत (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटरमध्ये) फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते, बाष्पाची नाही. त्याचा कोअर ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. तो बहुधा पाण्याने धुता येतो आणि त्यात साठणाऱ्या पाण्यासाठी निचऱ्याची नळी असतेच. ईआरव्हीचा कोअर खास प्रक्रिया केलेल्या कागदाचा किंवा बाष्प जाऊ देणाऱ्या पॉलिमर पडद्याचा असतो, आणि निचऱ्याची नळी असेलच असं नाही. निगेतला मोठा फरक पाण्याचा आहे, तो प्रश्न ८ मध्ये आहे. बाकी फिल्टर, पंखे, जाळ्या, व्हॉल्व्ह यांची कामं दोन्हींत सारखीच. खात्री करायची तर दाराच्या आतल्या बाजूचं लेबल वाचा. नळी आहे की नाही एवढ्यावरून ठरवू नका, कारण काही ईआरव्हींनाही ती दिलेली असते.

३. कोणतं काम किती दिवसांनी करायचं?

यंत्र नवं असेल तर पहिले तीन-चार महिने दर महिन्याला फिल्टर बाहेर काढून नुसता बघा. तुमच्या घराची धूळ किती, शेजारी रस्ता आहे की झाडं, घरात प्राणी आहेत का, यावर फिल्टर किती दिवस टिकणार ते ठरतं. कोणत्याही छापील तक्त्याला ते आधी सांगता येत नाही. साधारणपणे फिल्टर तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. बाहेरच्या जाळ्या ऋतू बदलला की तपासाव्यात. कोअर, पंखे, पेटीचा तळ आणि निचरा वर्षातून एकदा एकाच बैठकीत उरकावेत. व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा पुसले तरी पुरे.

फिल्टर बसवताना त्याच्या चौकटीवर पेन्सिलने तारीख लिहा. स्मरणशक्तीवर सोडलं तर तीन महिन्यांचे आठ कधी होतात कळत नाही.

४. फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो का?

तो कोणत्या प्रकारचा आहे त्यावर आहे. काळ्या स्पंजसारखे किंवा प्लॅस्टिकच्या जाळीचे फिल्टर धुता येतात. आधी व्हॅक्यूमने धूळ ओढा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा. फिल्टर पिळू नका. सावलीत पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत बसवू नका, कारण ओलसर फिल्टरवर बसलेली धूळ ही बुरशीला आयती जागा असते.

घड्या घातलेले पांढरे फिल्टर मात्र धुवायचे नसतात. त्यांतल्या बऱ्याच फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण तो खेचून धरतो. पाणी लागलं की तो भार जातो. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो, काम मात्र अर्धवट करतो. व्हॅक्यूमने वरवरची धूळ काढून आठवडाभर वेळ मारून नेता येईल, त्याहून जास्त नाही. कार्बनचा फिल्टर धुऊनही ताजा होत नाही. त्याची वास शोषायची क्षमता संपली की तो बदलायचाच.

बसवताना चौकटीवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, हे बघा. जुना फिल्टर टाकण्याआधी त्याची मागची, म्हणजे कोअरकडची बाजूही बघा. तिथे कडेने धुळीचे पट्टे दिसत असतील, तर हवा फिल्टरमधून न जाता चौकटीच्या फटीतून जाते आहे. फिल्टरचं माप चुकलं आहे किंवा कडेची पट्टी सुटली आहे असा त्याचा अर्थ.

५. फिल्टरवर जी४, एफ७, मर्व्ह १३, ईपीएम१ असं लिहिलेलं असतं. सगळ्यांत बारीक फिल्टर बसवला तर उत्तमच ना?

जी४ आणि एफ७ ही जुन्या युरोपीय मानकातली नावं. २०१६ साली आयएसओ १६८९० हे मानक आलं आणि फिल्टर किती बारीक कण पकडतो त्यावरून त्याला नाव मिळू लागलं. ‘ईपीएम१’ असा शिक्का असलेला फिल्टर १ मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी किमान निम्मे अडवतो. ‘कोअर्स’ (coarse, म्हणजे जाडसर; यंत्रातल्या कोअरशी संबंध नाही) गटातला फिल्टर मोठी धूळ, तंतू, किडे थांबवतो, बारीक धूर नाही. मर्व्ह ही अमेरिकी पद्धत आहे आणि त्यातला मर्व्ह १३ साधारण जुन्या एफ७च्या जवळपास येतो.

फिल्टर जितका बारीक, तितका हवेला अडथळा जास्त आणि तो भरतोही लवकर. यंत्राचा पंखा त्या ताकदीचा नसेल तर येणारी हवाच घटते. सर्वसाधारण नियम असा धरा: बाहेरून येणाऱ्या हवेला उत्पादकाने परवानगी दिलेला सर्वांत बारीक फिल्टर आणि घरातून जाणाऱ्या हवेला जाडा फिल्टर. जाणाऱ्या बाजूचा फिल्टर तुमच्या फुप्फुसांसाठी नसतो, तो कोअर आणि पंखा वाचवण्यासाठी असतो. फिल्टरची जात बदललीत तर प्रश्न १९ नक्की वाचा.

६. पॅनेलवर फिल्टरचा दिवा लागलेला नाही. म्हणजे फिल्टर स्वच्छ आहे ना?

नाही. घरगुती यंत्रांत तो दिवा बहुतेक वेळा फक्त तास मोजतो. ठरलेले तास भरले की लागतो, फिल्टर कसाही असो. मोठ्या यंत्रांत फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा स्विच असतो. त्याच्यावर थोडा जास्त विश्वास ठेवता येतो, पण फिल्टर फाटला असेल तर त्यालाही ते कळत नाही. फिल्टर बदलल्यावर रीसेटचं बटण दाबायला विसरू नका. आणि फिल्टर न बदलता नुसतं रीसेट तर कधीच करू नका, कारण पुढच्या माणसाला तो दिवा चुकीची खात्री देतो.

७. यंत्र उघडण्याआधी काय काळजी घ्यायची?

पॅनेलवरून बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढा किंवा यंत्राचा एमसीबी पाडा, आणि मग पाचेक मिनिटं थांबा. नव्या ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटारींच्या सर्किटमध्ये वीज तोडल्यावरही थोडा वेळ विद्युतभार शिल्लक राहतो. दार उघडल्यावर पंखा थांबवणारा स्विच असला तरी त्याच्या भरवशावर हात आत घालू नका.

तोंडाला धूळ रोखणारा मास्क आणि हातात मोजे हवेतच. जुन्या फिल्टरवर परागकण, बुरशीचे बीजाणू, किड्यांचे अवशेष असं सगळं असतं, आणि पेटीतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. फिल्टर काढला की तिथेच पिशवीत घालून तोंड बांधा. तो हातात झुलवत घरभर नेऊ नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला करू द्यावं.

यंत्र छतात किंवा माळ्यावर असेल तर शिडी धरायला कुणीतरी हवं. कोअर हातात घेऊन एकट्याने शिडी उतरणं टाळा.

८. कोअर कसा साफ करायचा? पाण्याने धुतला तर चालेल का?

आम्हाला सर्वाधिक येणारा प्रश्न हाच.

कोअर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि वरच्या व समोरच्या बाजूवर पेन्सिलने खूण करा. चौकोनी कोअर दिसायला चारी बाजूंनी सारखा असतो, पण तो आधी जसा होता तसाच परत बसवायचा असतो. मार्करची शाई पडद्यावर लावू नका, खूण चौकटीवरच करा. कोअर रुळांवर घट्ट बसलेला असतो. पट्टा असेल तर त्याला धरून, नसेल तर दोन्ही कडांना धरून हळूहळू पुढे घ्या. एका बाजूने ओढलात तर अडकतो आणि कडेच्या पट्ट्या फाटतात.

आता त्याच्या चारही तोंडांकडे नीट बघा. धूळ बहुधा दोनच तोंडांवर दिसेल: बाहेरची हवा शिरते ते, आणि घरातली हवा शिरते ते. त्यातही ती बहुतांश पहिल्या काही मिलिमीटरांतच अडकलेली असते. म्हणून खोलवर काही खुपसण्याची गरज नाही. व्हॅक्यूमला मऊ ब्रशचं तोंड लावा, ओढ कमीत कमी ठेवा आणि हवेच्या वाटांच्या रेषेत हळुवार फिरवा. काडी, सुई, तारेचा ब्रश, जोरदार दाबाची हवा यांपैकी काहीही वापरू नका. पडद्याला पडलेलं छिद्र बाहेरून दिसत नाही, पण घाणेरडी हवा ताज्या हवेत मिसळायला तेवढं पुरतं.

पाण्याचं उत्तर कोअरच्या जातीवर ठरतं. प्रक्रिया केलेल्या कागदाचा कोअर कधीच धुवायचा नाही. तो फुगतो, थर सुटतात, बाष्प वाहून नेणारं रसायन धुऊन जातं. पॉलिमर पडद्याच्या काही कोअरांना कोमट पाण्याने धुण्याची परवानगी असते, पण ती पुस्तिकेत किंवा कोअरच्या लेबलवर स्पष्ट लिहिलेली असेल तरच. एचआरव्हीचा ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा कोअर बहुधा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून बुडवता येतो. तो स्वच्छ पाण्याने खळखळून उभा ठेवावा आणि निथळून सुकू द्यावा. प्रेशर वॉशर, डिशवॉशर, ब्लीच, अमोनिया असलेली द्रावणं, थिनर हे कोणत्याही कोअरला नको.

कोअर बाहेर आहे तोवर पेटीचा तळ आणि रुळांवरच्या रबरी पट्ट्या ओलसर फडक्याने पुसून घ्या. नंतर ते काम पुन्हा सोपं नाही.

९. माहीत नसताना ईआरव्हीचा कोअर पाण्याने धुतला. आता काय करू?

सगळ्यात आधी तो यंत्रात घालू नका. हवेच्या वाटा उभ्या राहतील असा ठेवून निथळू द्या आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवा. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन नको. कोअर पूर्ण सुकायला दोन दिवसही लागू शकतात. तोवर यंत्र बंदच ठेवा. कोअरशिवाय चालवलं तर दोन्ही हवा पेटीतच मिसळतील.

सुकल्यावर तोंडाकडून उजेडात बघा. वाटा सरळ आणि मोकळ्या असतील, थर सुटलेले नसतील, तर बसवून प्रश्न २० मधली तपासणी करा. लाटांसारखा वाकलेला, चिकटलेला किंवा कुबट वास येणारा कोअर मात्र बदलावाच लागेल.

१०. पंखे साफ करावे लागतात का? त्यांना तेल घालायचं का?

साफ करावे लागतात, वर्षातून एकदा. पंख्याच्या पात्यांच्या खोलगट बाजूत धूळ साठली की फेऱ्यांची संख्या तीच राहूनही हवा कमी ढकलली जाते. एका बाजूला जास्त साठली तर पंखा थरथरतो. मऊ ब्रशने धूळ मोकळी करा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. हे करताना पंखा दुसऱ्या हाताने धरून ठेवा. व्हॅक्यूमच्या किंवा फुंकरीच्या जोरावर तो भरधाव फिरू देणं बेअरिंगला आणि सर्किटलाही वाईट.

एखाद्या पात्यावर लहानशी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका. ती कारखान्यात पंख्याचा तोल साधण्यासाठी लावलेली असते. आजच्या बहुतेक मोटारींची बेअरिंग बंदिस्त असतात, त्यांना तेल लागत नाही. जुन्या मोटारीवर तेलाचं छिद्र आणि तशी सूचना असेल तरच दोन-चार थेंब घाला.

११. बाहेरच्या भिंतीवरची जाळी किती महत्त्वाची आहे?

फार. फिल्टर वेळेवर बदलणाऱ्या घरांतही हवा कमी येण्याचं कारण कितीदा तरी हीच जाळी असते, कारण ती डोळ्यांसमोर नसते. हवा आत घेणाऱ्या जाळीवर पानं, कापसासारखे बीजतंतू, कोळिष्टकं आणि किडे साठतात. बाहेर टाकणाऱ्या तोंडात पक्षी घरटं करतात. ब्रशने आणि पाण्याने दोन्ही साफ करा. पाणी डक्टच्या (हवा वाहून नेणाऱ्या नळाच्या) आत जाऊ देऊ नका.

डास येऊ नयेत म्हणून मूळ जाळीवर बारीक जाळी ताणून बसवणारे पुष्कळ आहेत. ती काही आठवड्यांतच गच्च भरते. सहा मिलिमीटरच्या आसपासच्या भोकांची जाळी पक्षी-उंदरांना पुरेशी आहे. किड्यांसाठी आत फिल्टर आहे.

तिथे उभे आहातच तर आजूबाजूलाही नजर टाका. हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ नवी कचराकुंडी, गाडी लावायची जागा, जनरेटर किंवा कपडे सुकवायच्या यंत्राचं नळकांडं आलं असेल, तर कोणताही फिल्टर ते पूर्ण निस्तरू शकणार नाही.

१२. यंत्राखाली पाणी टपकतंय. कुठून येत असेल?

निचऱ्याची नळी असेल तर सुरुवात तिथून करा. आतल्या तबकात हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता आणि ते नळीतून बाहेर पडतं का बघा. तुंबलं असेल तर बहुधा यू-ट्रॅपमध्ये (नळीच्या यू आकाराच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात) शेवाळासारखा गाळ असतो. नळी सोडवून कोमट पाण्याने धुवा. नळी सतत उतरती हवी. मधे झोळ पडला असेल तर पाणी तिथेच थांबतं.

यू-ट्रॅपमध्ये पाणी असणं गरजेचं आहे. कोरड्या ऋतूत ते आटतं, मग पंखा नळीतून हवा ओढतो, गुडगुड आवाज येतो आणि तबकातलं पाणी खाली उतरतच नाही. अशा वेळी ट्रॅप पुन्हा पाण्याने भरला की काम झालं.

पाणी यंत्रातून नसून डक्टवरून टपकत असेल, तर गोष्ट वेगळी. यंत्रापासून बाहेरच्या भिंतीपर्यंतच्या दोन डक्टांवर उष्णतारोधक आवरण असतं आणि त्यावर बाष्परोधक पापुद्रा. तो फाटला की दमट हवा थंड पृष्ठभागाला भिडते आणि घाम सुटतो. आतलं आवरण भिजलेलं असेल तर नुसती टेप लावून भागत नाही, ओला भाग बदला.

१३. खोल्यांमधले गोल व्हॉल्व्ह साफ करताना काय सांभाळायचं?

व्हॉल्व्हची मधली चकती किती आत-बाहेर आहे, त्यावर त्या खोलीची हवा ठरवलेली असते. ती फिरवली की ठरवलेलं सगळं बिघडतं, आणि एका खोलीचं बदललं की बाकीच्यांचंही बदलतं. म्हणून एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढा, चकती न फिरवता कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा आणि त्याच जागी बसवा. सगळे एकदम काढून बादलीत टाकू नका. दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या व्हॉल्व्हमागे तेलकटपणा अडवणारी धातूची जाळी असेल तर ती दर महिन्याला गरम पाण्याने धुवा. शेगडीवरची चिमणी आणि कपडे सुकवायचं यंत्र ईआरव्हीच्या डक्टला कधीही जोडू नये. तेलाचा थर कोअरवर बसला तर तो निघत नाही, आणि कपड्यांचे तंतू आग पकडतात.

१४. डक्ट आतून साफ करून घ्यायला हवेत का?

ठरावीक मुदत नाही. दर दोन-तीन वर्षांनी एखादा व्हॉल्व्ह काढून टॉर्चने आत बघा. ताजी हवा आणणारे डक्ट, फिल्टर नीट असेल तर, बरीच वर्षं स्वच्छ राहतात. घरातली हवा ओढणाऱ्या डक्टमध्ये धुळीचा पातळ थर दिसणं नेहमीचं आहे. थर जाड असेल, ओल दिसत असेल किंवा उंदरांच्या खुणा असतील तर साफ करून घ्या. काम फिरत्या ब्रशने आणि सोबत व्हॅक्यूमने व्हावं. फॉइलच्या लवचीक डक्टला कडक ब्रश फाडतो.

आत जंतुनाशक धूर किंवा फवारा मारून घेऊ नका. जे डक्टमध्ये फवारलं जातं ते पुढचे कित्येक दिवस तुमच्या श्वासात येतं.

१५. ईआरव्हीतून वास येतो. कारण कसं शोधू?

वास कसा आहे आणि कधी येतो यावर लक्ष द्या. ओल्या मातीसारखा कुबट वास असेल तर भरलेला, दमट झालेला फिल्टर किंवा पेटीतली ओल. गटारासारखा असेल तर कोरडा यू-ट्रॅप (प्रश्न १२). ठरावीक वेळीच धूर किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर बाहेर हवा घेण्याच्या तोंडाशी काहीतरी आहे (प्रश्न ११). बाथरूमचा वास बेडरूममध्ये येत असेल तर कोअर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या कडेच्या पट्ट्या फाटल्या आहेत.

एक अपवाद लक्षात ठेवा. पाण्यात सहज विरघळणारे काही वायू, उदाहरणार्थ अमोनिया, बाष्पासोबत थोड्या प्रमाणात पडद्यातून पलीकडे जाऊ शकतात. मांजराच्या मातीच्या तबकाशेजारी हवा ओढणारा व्हॉल्व्ह असेल तर यंत्र निर्दोष असूनही वास परत येऊ शकतो. तिथे तबक हलवणं हाच उपाय.

१६. आत बुरशी दिसली. पुसून टाकू का?

पेटीच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर किंवा पत्र्यावर लहानसा डाग असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. फिल्टरवर असेल तर फिल्टर बदला. कागदी कोअरवर किंवा भिजलेल्या उष्णतारोधक आवरणावर असेल तर पुसण्यात अर्थ नाही, तो भाग बदला. ब्लीच ओतू नका, त्याची वाफ नंतर खोल्यांत फिरते.

बुरशी परत आली तर पाणी कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही. निचरा, आवरण आणि दमट दिवसांत यंत्र बंद ठेवण्याची सवय, या तिन्ही गोष्टी तपासा.

१७. यंत्र हल्ली जास्त आवाज करतं. बेअरिंग गेलं का?

आधी फिल्टर बघा. काही यंत्रांचे पंखे हवेचं प्रमाण कायम राखणारे असतात. फिल्टर भरत जातो तसे ते वेग वाढवतात, म्हणून आवाज आणि वीजबिल दोन्ही चढतं. साध्या पंख्यांत उलटं होतं: आवाज वाढत नाही, हवा गुपचूप कमी होते. तुमचं यंत्र दुसऱ्या प्रकारचं असेल तर शांततेवरून निर्धास्त होऊ नका.

शीळ येत असेल तर दाराची पट्टी किंवा फिल्टरची चौकट. थरथर असेल तर पंख्यावरची धूळ (प्रश्न १०). सगळं साफ करूनही घरघर किंवा किरकिर चालू राहिली, आणि वीज तोडून हाताने पंखा फिरवताना तो अडखळत असेल, तर मात्र बेअरिंग.

१८. कडाक्याच्या थंडीत पंखा मधूनमधून थांबतो. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. बाहेर चाललेली दमट हवा कोअरमध्ये फार थंड झाली की तिथे बर्फ धरतो. तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटं ताजी हवा बंद करतं, घरातलीच हवा फिरवतं किंवा आत येणारी हवा हीटरने तापवतं. ईआरव्हीत बाष्प आत परतत असल्याने बर्फ एचआरव्हीपेक्षा उशिरा धरतो.

पण थंडी फारशी नसताना बर्फ दिसला तर जाणाऱ्या बाजूचा फिल्टर तपासा. घरातली उबदार हवा कमी आणि बाहेरची थंड हवा जास्त, असं झालं की कोअर गोठतो. बर्फ खरवडू नका. यंत्र बंद करून वितळू द्या.

१९. साफसफाईनंतर दार आपोआप बंद होतं, फटीतून वारा येतो. असं का?

येणारी आणि जाणारी हवा यांचा समतोल बिघडला आहे. दोन्ही प्रवाह साधारण १० टक्क्यांच्या फरकात असावेत. एकच फिल्टर बदलला, एका बाजूला जास्त बारीक बसवला, एक जाळी तुंबलेली राहिली किंवा व्हॉल्व्ह फिरला, तर हे होतं. जाणारी हवा जास्त झाली तर घर बाहेरून फटींतून हवा ओढतं. येणारी जास्त झाली तर थंडीत घरातली दमट हवा भिंतींच्या फटींत घुसून आत ओल धरते.

आधी दोन्ही फिल्टर एकाच वेळी बदला आणि दोन्ही जाळ्या साफ करा. तरीही लक्षण राहिलं तर तंत्रज्ञाकडून प्रवाह मोजून समतोल लावून घ्या. घाणेरड्या यंत्रावर समतोल लावू देऊ नका. पुढच्या साफसफाईला तो पुन्हा बिघडणारच.

२०. यंत्र नीट काम करतंय का, हे घरच्या घरी तपासता येईल?

बऱ्यापैकी. आत-बाहेरच्या तापमानात किमान १० अंशांचा फरक असेल असा दिवस निवडा. यंत्र अर्धा तास चालू द्या. मग तीन तापमानं मोजा: बाहेरची हवा, घरातून यंत्रात जाणारी हवा आणि यंत्रातून घरात येणारी हवा. शेवटचं यंत्राच्या शक्य तितकं जवळ मोजा.

समजा बाहेर ५ अंश, घरातून जाणारी हवा २१ आणि आत येणारी १७ आहे. हवा १२ अंशांनी तापली, तापायला जास्तीत जास्त वाव १६ अंशांचा होता. १२ भागिले १६, म्हणजे ७५ टक्के. उन्हाळ्यात उलटा हिशेब: बाहेर ४०, घरात २६, आत येणारी ३०, तर १० भागिले १४, म्हणजे ७१ टक्के. आकडा लिहून ठेवा आणि दरवर्षी त्याच वेगावर तुलना करा.

इथे एक फसवा भाग आहे. येणाऱ्या बाजूचा फिल्टर तुंबला की आत येणारी थोडीशी हवा कोअरमध्ये जास्त वेळ रेंगाळते आणि छान तापते. आकडा चक्क सुधारतो, घराला हवा मात्र पुरत नाही. म्हणून हा आकडा स्वच्छ फिल्टरवरच मोजा आणि सोबत रात्री दार बंद असलेल्या बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. आकडा आधी १,००० पीपीएमच्या खाली राहत असे आणि आता वर जातोय, तर हवा कमी येते आहे, कार्यक्षमता काहीही दिसो.

२१. कोअर कधी बदलायचा?

वयावरून नाही, अवस्थेवरून. फाटलेला, थर सुटलेला, बुरशी धरलेला किंवा तेलाने माखलेला कोअर बदला. समतोल ठीक असताना प्रश्न २० मधला आकडा ठळकपणे घसरला असेल तरीही. नीट फिल्टर वापरणाऱ्या घरात कोअर वर्षानुवर्षं टिकतो.

२२. आमच्या यंत्रात कोअरऐवजी फिरतं चाक आहे. त्याला काय वेगळं?

चाकावर सिलिका जेल किंवा झिओलाइटसारखा ओल शोषणारा लेप असतो, म्हणून पाणी आणि साबण इथेही पुस्तिका सांगेल तेवढंच. धूळ मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. चाकाच्या कडेचे ब्रशसारखे सील झिजलेत का आणि पट्टा सैल झालाय का, ते बघा.

पट्टा तुटला तरी पंखे चालूच राहतात, हे विशेष लक्षात ठेवा. हवा येते, पण ऊब परत मिळत नाही. चाकाच्या कडेला खूण करून ती फिरताना दिसते का, हे दर वेळी तपासा.

२३. घरात फरशी घासणं, रंगकाम, सुतारकाम चालू आहे. ईआरव्ही चालू ठेवू का?

नको. यंत्र बंद करा, त्या भागातले सगळे व्हॉल्व्ह कागद-टेपने झाका आणि खिडक्या उघड्या ठेवा. सिमेंट-प्लास्टरची बारीक धूळ जाड फिल्टरमधून निसटते आणि दमट कोअरवर घट्ट बसते. काम संपल्यावर घर झाडून-पुसून झालं की टेप काढा, नवे फिल्टर घाला आणि महिन्याभरात ते पुन्हा बघा. नव्या घरात राहायला जातानाही हेच करा, बांधकामाच्या काळात वापरलेले फिल्टर पुढे चालवू नका.

२४. बाहेर दाट धूर आहे. यंत्र बंद करावं का?

यंत्रात घरातलीच हवा फिरवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल आणि येणाऱ्या हवेला बारीक फिल्टर असेल तर सर्वांत कमी वेगावर ठेवा. जाडाच फिल्टर असेल तर धूर ओसरेपर्यंत बंद करा, कारण धुराचे कण त्यातून सरळ आत येतात. मात्र बंद घरात कार्बन डायऑक्साइड आणि ओल वाढत जाते, तेव्हा बाहेरची हवा जरा निवळली की लगेच चालू करा. नंतर येणाऱ्या बाजूचा फिल्टर बदला, तारीख झालेली नसली तरी.

२५. काही महिने घर बंद राहणार आहे. काय करू?

शक्य असेल तर सर्वांत कमी वेगावर चालू ठेवा. बंदच ठेवायचं असेल तर आधी कोरड्या दिवशी तासभर जोरात चालवून आतली ओल घालवा आणि जुने फिल्टर काढून टाका. परतल्यावर बाहेरच्या दोन्ही तोंडांत घरटं नाही ना ते बघा, यू-ट्रॅप भरा, नवे फिल्टर घाला आणि मगच सुरू करा.

२६. घरात लाकडाची शेगडी किंवा धुराड्याचा गॅस गीझर आहे. निगेशी त्याचा काय संबंध?

थेट जिवाशी संबंध आहे. येणाऱ्या बाजूचा फिल्टर किंवा जाळी तुंबली की घरात हवेचा दाब कमी होतो. तेव्हा धुराड्यातून वर जायचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. काही यंत्रं बर्फ वितळवताना फक्त हवा बाहेर टाकतात. अशा घरात ती पद्धत वापरू नये, तंत्रज्ञाकडून सेटिंग बदलून घ्यावं.

अशा घरांत येणाऱ्या बाजूचा फिल्टर आणि जाळी दर महिन्याला तपासा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. बर्नर किंवा शेगडी पेटवल्यावर खोलीत धुराचा वास आला, डोकं जड झालं किंवा मळमळलं, तर आधी सगळे बाहेर पडा. आग आणि यंत्र यांचं काय झालं ते नंतर, माहितगार माणसाला बोलावून बघा.